ओव्हनपुढचं अंतर

केक ओव्हनमध्ये जाऊन चाळीस मिनिटं झाली होती आणि मिस्त्रीने मधल्या ओट्याचा शेवटचा बोल्ट जमिनीत आवळला होता. सुनेने ओव्हनचं दार खाली उघडलं, वाकायला एक पाऊल मागे घेतलं आणि तिची पाठ ग्रॅनाइटला टेकली. दार आणि ओटा यांच्यामध्ये वीतभर जागा उरली होती.

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "उभं कुठं राहायचं?"

नवरा मोजणी कार्यालयात नोकरीला होता. लोकांच्या बांधावरची भांडणं त्याच्या टेपने मिटत. स्वयंपाकघराचा नकाशाही त्यानेच काढला होता. ओटा आणि ओव्हन यांच्यात साडेतीन फूट, असं त्याने तीनदा लिहिलं होतं. त्याने टेप लावली. अडीच फूट भरले. त्याने टेप उलटी धरून पुन्हा लावली.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"जगाच्या जमिनी मोजतोस," दारातून सासूबाई म्हणाल्या, "आणि घरातलं एवढंसं अंतर चुकतं?"

"माफ कर, आई."

सुनेने ओव्हन बंद केला. पण आतली धग जायला वेळ लागणार होता आणि तोवर केक करपणार होता. तिची ही पहिलीच मोठी ऑर्डर. दीडशे माणसांचा केक, आणि शाळेच्या मुख्याध्यापिका चार वाजता स्वतः न्यायला येणार. मिस्त्रीने आज यायचंच नव्हतं. तो तीन दिवस उशिरा उगवला होता आणि "आज नाही तर पंधरा दिवसांनी" असं म्हणाला होता.

"ओटा सरकवा," ती म्हणाली.

"बोल्ट काढायला तासभर लागेल, वहिनी."

ओव्हन कोपऱ्यात होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूने हात घातला तर ट्रेचं एकच टोक हाती लागत होतं. एका टोकाने उचललं की केक कलंडणार.

"ओट्यावर पालथं पडून दुसरं टोक धरायचं," नवरा म्हणाला आणि बाह्या सरसावू लागला.

"तुम्ही नको, साहेब," मिस्त्री घाईने म्हणाला. "दगड आत्ताच चिकटवलाय. पन्नास किलोच्या वर भार नको."

सगळ्यांनी मनातल्या मनात आपापलं वजन केलं. मग तिघांनीही सासूबाईंकडे पाहिलं.

"मी चव्वेचाळीस," त्या म्हणाल्या. "पण या वयात ओट्यावर?"

करपल्याचा पुसटसा वास आला. त्यांनी चष्मा काढून मुलाच्या हातात दिला आणि स्टुलावर चढल्या.

त्या पालथ्या झाल्या. मुलाने डावा पाय धरला, मिस्त्रीने उजवा. सुनेने झाऱ्याने जाळी पुढे ओढली, सासूबाईंच्या हातात जाड मोजे चढवले आणि आपलं टोक धरलं.

"मी म्हणेन तेव्हा उचला, आई. हलू नका."

"हलतेय कोण? हा मिस्त्री गुदगुल्या करतोय."

"मी घट्ट धरलंय, आजी," मिस्त्री घाबरून म्हणाला. "उगाच मला बोलू नका. तुम्हाला मी तेव्हाच सांगितलं होतं, ओटा फूटभर पुढं घेऊ नका म्हणून."

अर्धवट उचललेला ट्रे अधांतरी थांबला. मुलाने आईच्या पायाकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे.

"तू पाय सोडू नकोस," आई म्हणाली.

"आधी केक," सून म्हणाली. "वर घ्या. आता डावीकडे. ठेवा."

केक ओट्यावर टेकला. कडा जरा गडद झाली होती, तेवढी क्रीममध्ये झाकता येणार होती. सुनेने श्वास सोडला. सासूबाई उठून ओट्यावरच बसल्या आणि साडी नीट करू लागल्या.

"ओट्याच्या पलीकडे माझी खुर्ची मावत नव्हती," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "दिवसभर ही इथं आणि मी बाहेर. बोलायचं कुणाशी?"

"आई, मी तुझी माफी मागितली."

"मागितलीस ते बरंच झालं. पुढच्या चुकीच्या खात्यात जमा धरू."

मिस्त्री पाना घेऊन खाली बसला. "मग वहिनी, ओटा परत मागं घ्यायचा ना?"

सुनेने केककडे पाहिलं, सासूबाईंच्या हातातल्या मोज्यांकडे पाहिलं.

"घ्या," ती म्हणाली. "आणि खुर्ची इकडे ओव्हनच्या बाजूला ठेवा. ट्रेला दुसरा माणूस मला रोजच लागणार आहे."

"रोज?" सासूबाईंनी विचारलं. "किती वाजता?"

"पहाटे पाचला."

सासूबाईंनी हातातले मोजे काढून ठेवले. मग मिस्त्रीला म्हणाल्या, "बाहेर काही फार वाईट नव्हतं."

पण तोवर मुलाने खुर्चीची मापं घेतली होती.