लळिंगच्या पायथ्याचे दिगंबरभाऊ

आमच्या समोरच्या दिगंबरभाऊंनी आपल्या तीन मुलांना लळिंगचा किल्ला नऊ वेळा दाखवला, आणि नऊही वेळा खालून दाखवला. धुळ्याहून एस.टी.नं लळिंगला उतरायचं, गावाबाहेरच्या चिंचेखाली सतरंजी अंथरायची, छत्रीचं टोक डोंगराकडे करून "तो बघा किल्ला. ती तटबंदी. तो बुरूज," असं सांगायचं, दशम्या खायच्या आणि पुढच्या एस.टी.नं घरी. कुणी पोरगं "नाना, वर जाऊ या?" म्हणालं की उत्तर ठरलेलं: "कशाला? लांबून बरं दिसतं."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यांच्या लग्नातही अंतरपाट दूर केल्यावर ते हेच म्हणाले असतील, असं मला वाटायचं.

दिगंबरभाऊ मोजणीच्या कचेरीत नकाशे उतरवून काढायचं काम करत. अंगानं काटकुळे, नाकावर जाड भिंगांचा चष्मा, शर्टाचं गळ्याचं बटण भर उन्हाळ्यातही लावलेलं. बोलणं हळू, चालणं त्याहून हळू. रस्ता ओलांडायचा तर दोन्हीकडून एकही सायकल येत नाही अशी खात्री होईपर्यंत उभे राहायचे, आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर अशी खात्री व्हायला कधीकधी संध्याकाळ व्हायची. अशा माणसानं रविवारी मुकाट्यानं घरात पडून राहावं. पण नाही. हा माणूस दर रविवारी पोरांना घेऊन 'फिरायला' निघायचा.

ती तयारी बघण्यासारखी असे. अरुण दहा वर्षांचा, विलास आठचा, बंडू सहाचा. तिघांच्या कानाला रुमाल, तिघांच्या खिशात ऊन लागू नये म्हणून एकेक कांदा. भाऊंच्या एका हातात फिरकीचा तांब्या, दुसऱ्या हातात छत्री, खांद्यावर पिशवी. पिशवीत आयोडीन, कापूस, सुतळी, चुन्याची डबी आणि ओवा. सतपुडा ओलांडून पलीकडे उतरायचं असावं असा थाट, आणि जायचं कुठं, तर नकाण्याच्या तलावावर. तिथंही तलावावर नाहीच. तलावाच्या अलीकडे रस्त्याला एक कडुनिंब होता, त्याच्याखाली.

एकदा बंडू म्हणाला, "नाना, पाण्याला हात लावून येऊ?"

"घरी नळ आहे," भाऊ म्हणाले.

गावात सर्कस आली तेव्हा आख्खं धुळं तंबूत होतं. हे चौघं तंबूच्या मागच्या बाजूला, रस्त्यापलीकडे उभे. तिथून हत्तीचं मागचं अंग दिसत होतं. मधेच आत सिंहानं डरकाळी फोडली. "ऐकलीत ना?" भाऊ समाधानानं म्हणाले, "झालं तर मग." आणि फौज माघारी वळली. भुसावळला कुणाच्या तरी लग्नाला गेले होते, तेव्हा पोरांनी इंजिनं बघायचा हट्ट धरला. भाऊंनी त्यांना स्टेशनाबाहेर टांग्यांच्या अड्ड्याजवळ उभं केलं आणि आकाशाकडे बोट दाखवलं. "तो धूर दिसला? त्याच्या खाली इंजिन."

मी तेव्हा हायस्कुलात मास्तर होतो. नुकतंच लग्न झालेलं, मूलबाळ नव्हतं. त्यामुळे मुलं कशी वाढवावीत याची मला संपूर्ण माहिती होती. शिक्षकांच्या खोलीत मी दिगंबरभाऊंची नक्कल करत असे. छत्रीच्या जागी पट्टी धरून "तो बघा पगार, लांबून बरा दिसतो," म्हटलं की हेडमास्तरांनासुद्धा हसू आवरत नसे. घरी येऊनही माझं तेच चाले. "या माणसानं पोरांना पार पांगळं करून ठेवलंय," मी बायकोला म्हणायचो. "मोठी झाल्यावर ही पोरं नोकरीसुद्धा लांबूनच करतील."

"तुम्हाला काय जातं बोलायला," बायको म्हणायची. "तुम्ही तरी रविवारी कुठं नेता मला?"

या प्रश्नाचं उत्तर देण्याइतका वेळ माझ्याकडे कधीच नसे.

भाऊंच्या बायकोला, कमलवहिनींना, माझ्या बायकोनं एकदा विचारलंही. वहिनी शिरपूरकडच्या खेड्यातल्या, घरात अहिराणीच बोलायच्या. ज्वारी पाखडतापाखडता त्या एवढंच म्हणाल्या, "त्यास्नं तसंच शे, ताई." यात समजण्यासारखं काही नाही, असं मी ठरवून टाकलं.

होळी नुकतीच झाली होती. शनिवारी अरुण आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "सर, उद्या आम्ही परत लळिंगला चाललो." 'परत' हा शब्द त्यानं असा उच्चारला की माझ्यातला शिक्षक खवळला. मी तडक समोर गेलो आणि म्हणालो, "भाऊ, उद्या मीही येतो तुमच्याबरोबर."

भाऊंना केवढा आनंद झाला! "या ना मास्तर, या. चिंचेखाली सावली फार छान असते."

तर अशी ही दहावी मोहीम. चिंच, सतरंजी, छत्रीचं टोक, सगळं यथासांग झालं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन झाल्यावर मी सहज उठल्यासारखा उठलो. "पोरांना जरा त्या वळणापर्यंत नेऊन आणतो."

"कशाला? लांबून..."

"फक्त वळणापर्यंत, भाऊ."

भाऊंनी पोरांकडे पाहिलं. तिघं एव्हाना उभीच होती. बंडूनं तर रुमालही सोडून टाकला होता. तांब्याची फिरकी घट्ट आवळली. मग म्हणाले, "वळणापर्यंत. बंडूचा हात सोडू नका. आणि मास्तर, हा तांब्या असू द्या."

"पाच मिनिटांत येतो हो. तांब्या कसला घेता!" मी म्हणालो आणि निघालो.

वळण आलं तसं मी पोरांना विचारलं, "दमलात?" तिघं एका सुरात "नाही!" म्हणाली. मग कोण थांबतो? मला तर चढताना चेव आला होता. उद्या शिक्षकांच्या खोलीत हे कसं सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवत होतो. वाटेवर मुरूम निसटता, पुढे पायऱ्या खडकात खोदलेल्या, काही तुटलेल्या. एका बाजूला भिंतीसारखा कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पोरं खारींसारखी चढली. तासाभरात आम्ही माथ्यावर होतो.

वर मी पोरांना भूगोल शिकवला. पर्जन्यछाया म्हणजे काय, बेसॉल्ट म्हणजे काय. ऊन डोक्यावर आलं होतं. खडकात कोरलेल्या टाक्यांत पाणी होतं, पण हिरवंगार, वर शेवाळ्याची साय. विलास म्हणाला, "सर, तहान लागली." मी म्हणालो, "शिवाजी महाराजांच्या मावळ्यांना तहान लागत नव्हती?" विलास गप्प बसला. माझा तास चालू राहिला.

बंडू बोलायचा थांबलाय हे अरुणच्या लक्षात आलं, माझ्या नाही. तो तटाच्या सावलीत भिंतीला टेकला होता. चेहरा लालबुंद, ओठ कोरडे. "बंडू, काय रे?" म्हणून हात लावला तर अंग तापलेलं. मी उठवायला गेलो तर त्यानं जागीच ओकारी केली आणि डोळे मिटले.

माझा भूगोल तिथंच संपला. पोराला खांद्यावर टाकलं आणि उतरायला लागलो. चढताना खेळ वाटलेल्या पायऱ्या आता दिसेनात. मागून थोरली दोघं येत होती. बंडूचं डोकं माझ्या मानेवर निखाऱ्यासारखं टेकलेलं. याच्या बापाला मी खाली जाऊन काय सांगणार होतो?

सांगायला खाली जावंच लागलं नाही.

तुटक्या पायऱ्यांच्या वरच्या टोकाशी, जिथं एका बाजूला काहीच नाही, तिथं दिगंबरभाऊ बसले होते. बसले होते म्हणजे कातळाला पाठ लावून चिकटले होते. डोळे गच्च मिटलेले. पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली, तळहात सोललेले. वर ते पायांनी आलेच नव्हते, रांगत आले होते. एका हातात कातळातल्या झुडपाचं मूळ आणि मांडीत पाण्याचा तांब्या.

"नाना!" विलास ओरडला.

त्यांनी डोळे उघडले. बंडूला पाहिलं. "इकडे द्या," म्हणाले. पोराला मांडीवर घेतलं, झाकणानं थोडं थोडं पाणी पाजलं, रुमाल भिजवून टाळूवर ठेवला, त्याच्या खिशातला कांदा दगडावर फोडून नाकाशी धरला. शर्टाची बटणं सोडली, वारा घातला. उरलेलं पाणी दोघा थोरल्यांना वाटून दिलं. हे सगळं करताना त्यांचा हात एकदाही कापला नाही. हा माणूस रस्ता ओलांडायला घाबरतो असं कुणी मला त्या क्षणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

अर्ध्या तासानं बंडूनं डोळे उघडले आणि दशमी मागितली. माझा जीव भांड्यात पडला.

"चला भाऊ, उतरू या," मी म्हणालो.

भाऊ उठेनात. त्यांनी एकदा खाली पाहिलं, आणि चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. झुडपाचं मूळ परत घट्ट धरलं. आयुष्यभर माझ्याशी कचेरीतलं शुद्ध मराठी बोललेला तो माणूस लहान मुलासारखा अहिराणीत पुटपुटायला लागला, "पडी जासू रे... मी पडी जासू..."

मी हात पुढे केला. त्यांनी तो पाहिलाच नाही. बंडूच त्यांच्यासमोर उकिडवा बसला. ज्या पोराला मी मेल्यागत खांद्यावरून आणलं होतं, ते पोर म्हणालं, "नाना, खाली नका बघू. माझ्याकडे बघा. आधी हा पाय." मग अरुण खालच्या पायरीवर जाऊन बापाचा एकेक पाय धरून जागेवर ठेवायला लागला. विलासनं मागून शर्ट धरला. पायरीमागून पायरी, बसत बसत, ती तीन पोरं बापाला खाली घेऊन आली. दीड तास लागला. मी मागून रिकामा तांब्या घेऊन चालत होतो. मला कुणी दुसरं काही काम दिलं नाही.

त्या संध्याकाळी माझी बायको समोर जाऊन आली. चेहरा उतरलेला होता. "त्यांना लहानपणापासून असं आहे म्हणे," ती म्हणाली. "उंची, पाणी, जनावरं, गर्दी. माळ्यावरचा डबासुद्धा वहिनीच काढतात. दर शनिवारी रात्री या माणसाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. वहिनी म्हणतात, नका जाऊ, कुणी सांगितलंय? तर म्हणतात, माझ्या भीतीपायी पोरं घरात कोंडायची का?"

बाकीचं बरंच तिनं डोळ्यांनीच बोलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर भाऊ आमच्याकडे आले. तळहातांना आयोडीन, चालणं रोजच्याहून हळू. मी शिव्या खायच्या तयारीनं उभा राहिलो. ते खुर्चीवर बसले, चष्मा काढून पुसायला लागले, आणि म्हणाले, "मास्तर, वर काय काय दिसतं हो?"

"अं?"

"पोरं धड सांगत नाहीत. तिघं एकदम बोलतात."

मी सांगायला लागलो. आग्रा रोड दिसतो, म्हटलं. कुरण दिसतं. धुळं दिसतं. आणखी? आणखी काय पाहिलं होतं मी? तासभर माथ्यावर होतो, पण सगळा वेळ स्वतःचंच बोलणं ऐकण्यात गेला होता. मी दोनदा कुरण सांगितलं. भाऊ मात्र मान हलवत, पुढे झुकून ऐकत होते.

मग मला आठवलं. तेव्हा त्या गोष्टीचा मला रागच आला होता, कारण माझ्या बेसॉल्टकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"भाऊ, वर पोचल्या पोचल्या पोरांनी काही बघितलंच नाही," मी म्हणालो. "तटाशी धावली आणि आधी तुम्हाला शोधलं. चिंच सापडली, छत्री सापडली. मग किती वेळ हात हलवत होती."

भाऊंचा चष्मा पुसायचा हात थांबला.

"मला दिसलं नाही हो," ते म्हणाले. "इतक्या लांबचं कुठं दिसणार? तिघंही?"

"तिघंही."

"बंडूसुद्धा?"

"बंडू सगळ्यात जास्त. नाना, नाना म्हणून ओरडतही होता."

बायकोनं भाऊंसमोर ठेवलेला चहा तसाच निवला. मग ते उठले, "बरं आहे," म्हणाले, गल्ली ओलांडताना दोन्हीकडे न बघता सरळ समोर गेले, आणि घरात शिरल्याबरोबर पाय न धुता जेवायला बसल्याबद्दल तिन्ही पोरांवर उगाचच ओरडले.