थॉमसने काढलेला फोटो काढणे

माणूस सहलीला जातो तो मुख्यतः परत येण्यासाठी. जाताना त्याला कोणी काही विचारत नाही. परत आल्यावर मात्र ‘फोटो टाका’ असा आदेश निघतो, आणि आदेशाची पूर्तता न झाल्यास सहल झालीच नाही असे धरले जाते. (फोटोविना झालेल्या देवदर्शनाचे पुण्य जमा होते की नाही, याबाबत अद्याप खुलासा झालेला नाही.)

हे सत्य वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत राहणारे दिनानाथ तोंडवळकर यांना उशिरा कळले, पण कळले ते पक्के. चर्चगेटच्या एका विमा कार्यालयात ते वरिष्ठ सहायक होते, त्यामुळे कोणतीही आनंदाची गोष्ट नियमावलीशिवाय पार पडू शकते यावर त्यांचा विश्वास नव्हता. लग्नाला पंचवीस वर्षे होणार म्हणून पत्नी सुनंदाबाईंनी दोन दिवस कुठेतरी जाऊ या म्हटले, तेव्हा दिनानाथांनी आधी मोबाइलवर ‘सहलीचे फोटो: चुका व सुधारणा’ या मालिकेचे सगळे भाग पाहिले आणि मग जागा शोधायला घेतली.

सुनंदाबाईंची मागणी साधी होती. हॉलमध्ये लावायला दोघांचा एक फोटो. घरात फोटो ढिगाने होते, पण दोघांचा नव्हता, कारण पंचवीस वर्षे दिनानाथ कॅमेऱ्याच्या मागे होते. लग्नाच्या अल्बममध्ये दोघे होते खरे, पण तिथे सुनंदाबाई खाली बघत होत्या आणि मुंडावळ्यांच्या पलीकडे जो कोणी होता तो दिनानाथच, हे दिनानाथांच्या आईच्या सांगण्यावरून मान्य करावे लागे.

गोव्याचा विचार झाला. पण ऑफिसात रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर झोपला, आणि तो उठेपर्यंत गोव्याची तिकिटे संपली. तेव्हा पलीकडच्या टेबलावरचा थॉमस म्हणाला, “अरे, माझ्याकडे ये ना. भुईगावला वाडीत दोन खोल्या काढल्यात पाहुण्यांसाठी. समुद्र आहे, माड आहेत, सालोमी जेवायला घालील. अजून काय पाहिजे तुला?”

अशा रीतीने वसई पूर्वेचे एक दांपत्य लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त वसई पश्चिमेला सहलीस गेले. रिक्षाने अर्धा-पाऊण तास लागला. (त्यात बराचसा वेळ उड्डाणपुलावर, म्हणजे पूर्वही नाही आणि पश्चिमही नाही अशा प्रदेशात गेला. लांबच्या प्रवासाचा अनुभव तेवढ्यात मिळाला.)

इथे दिनानाथांच्या बुद्धीने एक झेप घेतली. माड, कौलारू घर, दारात क्रूस, मागे समुद्र. नीट कोन साधला तर हे भुईगाव आहे हे एव्हरशाईनमधल्या कोणाच्या बापाला कळणार नव्हते. त्यांनी खोटे बोलायचे नाही असे ठरवले. फक्त खरे बोलायचे नाही, इतकेच. पहिल्या संध्याकाळी सुरूच्या झाडांचे सहा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडताच सेक्रेटरींनी विचारले, ‘गोवा का?’ दिनानाथांनी उत्तरादाखल जोडलेले हात पाठवले. या चिन्हाचा अर्थ होय, नाही, आभारी आहे आणि वर्गणी पुढच्या महिन्यात देतो, असा चारही प्रकारे होत असल्याने ते मराठी माणसाला फार सोयीचे पडते.

आता नियमांकडे वळू. सहल छायाचित्रणाचे (सुधारित) नियम पुढीलप्रमाणे अमलात आले:

एक, फोटोतील व्यक्तीने कॅमेऱ्याकडे पाहू नये. दूर पाहावे, गॅस चालू राहिला की काय असा विचार करत.

दोन, क्षितिज सरळ असावे.

तीन, व्यक्तीस मध्यभागी उभे करू नये. चौकटीचे तीन भाग कल्पून तिला कडेच्या भागात सरकवावे. (“लग्नाचा वाढदिवस आपला, आणि मी कोपऱ्यात?” ही सुनंदाबाईंची हरकत नोंदवून घेऊन फेटाळण्यात आली.)

चार, हसू नैसर्गिक असावे. त्यासाठी छायाचित्रकार ‘नैसर्गिक’ असे ओरडेल तेव्हा हसावे.

पाच, ताटाचा फोटो झाल्याशिवाय ताटाला हात लावू नये.

पाचव्या नियमाने सालोमीवहिनींचा पाणउतारा झाला. बाईंनी पहाटे पीठ भिजवून गरमागरम फुगे तळून आणले, सोबत चिकनचा रस्सा. दिनानाथांनी वाटी डावीकडे घेतली, उजवीकडे घेतली, केळीचे पान खाली सरकवले, खुर्चीवर चढून वरून पाहिले, आणि उजेड कमी म्हणून सगळे ताट अंगणात नेले. तोवर फुगे चामट झाले आणि रश्श्यावर तवंग गोठला. फोटो मात्र उत्तम आला. सालोमीवहिनी थॉमसला आपल्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. दिनानाथांना ती बोली निम्मीच कळत असे, आणि त्या दिवशी त्यांनी उरलेली निम्मी विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताचा मुहूर्त होता. पण ओहोटी लागून समुद्र इतका आत गेला होता की पाण्यापर्यंत जायचे तर चिखल तुडवावा लागणार होता. सुनंदाबाई किनाऱ्यावर साडी सावरत, दूर बघत, गॅसचा विचार करत उभ्या राहिल्या. सूर्य मावळला तेव्हा दिनानाथ मोबाइलची काच पुसत होते.

“अहो, मला तुमच्यासोबत फोटो हवाय,” त्या म्हणाल्या. “माझे एकटीचे काय करू? पासपोर्टला पाठवू?”

“होईल, तोही होईल,” दिनानाथ म्हणाले. “आधी प्रकाश समजून घेऊ दे.”

निघायच्या दिवशी रिक्षाची वाट बघत चौघे वाडीच्या बाहेर रस्त्यावर उभे होते. तेव्हा दिनानाथांनी मोठ्या मनाने दोघांच्या फोटोची परवानगी दिली आणि आपला मोबाइल थॉमसच्या हाती सोपवला. दोन्ही हातांनी धर, कोपरे अंगाला लाव, श्वास रोख, अशा सूचना देत ते तीन भागांचा हिशेब मांडत एकेक पाऊल मागे सरकू लागले. मागे वाडीला पाणी देण्याचा पाट आहे, हे नियमावलीत नव्हते. उजवा पाय बुटासकट पाटात गेला. सुनंदाबाईंनी त्यांचा दंड धरला, त्यांच्या तोंडाकडे पाहिले, आणि त्यांना जे हसू फुटले ते आवरेना. दिनानाथही हसू लागले. नवरा फजित झाला म्हणून बायको हसते आणि बायको हसते म्हणून नवराही हसतो, असा हा साधा कारभार होता. त्या क्षणी थॉमसने बोट दाबले.

रिक्षात दिनानाथांनी फोटोची तपासणी केली. दोष असे निघाले. दोन्ही व्यक्ती नेमक्या मध्यभागी होत्या. त्या ना कॅमेऱ्याकडे बघत होत्या ना दूर, एकमेकांकडे बघत होत्या (याची कोणत्याच नियमात तरतूद नाही). सुनंदाबाईंची दाढेतली चांदी दिसत होती. एका कोपऱ्यात थॉमसचा अंगठा होता. आणि मागून परिवहनची बस येत होती, तिच्या कपाळावर ‘भुईगाव’ ही पाटी इतकी स्वच्छ आली होती की तेवढ्या बाबतीत फोटोला शंभरपैकी शंभर गुण द्यावे लागले असते.

सुनंदाबाईंनी मात्र तो फोटो घरी पोहोचेपर्यंत चार वेळा मागून घेऊन पाहिला.

रात्री मोबाइलने ‘जागा संपली’ असे कळवले. दिनानाथ सोफ्यावर छाटणीला बसले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, तो थॉमसभाऊंनी काढलेला फोटो आधी काढा बरं का.”

इथे मराठी भाषेबद्दल दोन शब्द बोलणे भाग आहे. ‘काढणे’ हे आपले अत्यंत कष्टाळू क्रियापद आहे. आपण अंगातला शर्ट काढतो आणि कपाटातून नवा काढतो. दूध काढतो, झोप काढतो, उणीदुणी काढतो, भाडेकरू काढतो, आणि नाही काढला तर त्याच्यासोबत वर्षे काढतो. फोटोही तसाच. तो कॅमेऱ्याने काढतात, दुकानातून कागदावर काढतात आणि मोबाइलमधून काढूनही टाकतात. कोणता अर्थ घ्यायचा हे ऐकणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलेले आहे.

दिनानाथांच्या सदसद्विवेकबुद्धीने बसची पाटी डोळ्यांसमोर आणली. बायकोची अभिरुची दोन दिवसांत सुधारली, या समाधानात त्यांनी फोटो काढला. शिस्तीचा माणूस असल्याने मोबाइलच्या कचरापेटीतूनही काढला.

दुसऱ्या संध्याकाळी ते कामावरून आले तेव्हा हॉलच्या भिंतीवरचे कॅलेंडर खाली उतरले होते आणि टेबलावर नवी लाकडी चौकट होती, काच लखलखीत पुसलेली.

“काढलात का फोटो?” सुनंदाबाईंनी विचारले.

“काढला.”

“मग द्या ना. कुठाय?”

“काढला म्हणजे... काढला.”

 सुनंदाबाईंनी चौकटीवरून उगाच एकदा फडके फिरवले. “पुण्याला स्वप्नाला विचारा, परत येतो का,” एवढेच म्हणाल्या.

मुलीने फोनवर सगळे ऐकून घेतले. “बाबा, बिनमधूनपण उडवलात? का पण?”

“नियमाने,” दिनानाथ म्हणाले. हे उत्तर त्यांना ऑफिसात आयुष्यभर पुरले होते. इथे ते त्यांचे त्यांनाच पोकळ वाटले.

जेवताना सुनंदाबाई बोलल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागले. “तुम्हाला कळलं नाही असं नाही हो. तुम्हाला ती बस नको होती, म्हणून तो अर्थ सोयीचा पडला. मी तुमच्याकडे बघून अशी हसलेय, याचा पंचवीस वर्षांतला तेवढाच पुरावा होता.”

दिनानाथांनी हातातला घास ताटात परत ठेवला. आपण मूर्ख आहोत असा संशय त्यांना अधूनमधून येत असे, पण आज कागदपत्रांसह खात्री झाली. आणि नुसते मूर्ख असते तरी चालले असते. मूर्खपणा सोसायटीच्या सेक्रेटरीसाठी केला होता, ज्यांना ते धड ओळखतही नव्हते.

पुढच्या रविवारी दुरुस्ती मोहीम निघाली. तीच साडी, तोच शर्ट, तेच बूट. थॉमस त्याच जागी उभा राहिला, अंगठा कोपऱ्यात ठेवायला त्याला मुद्दाम सांगितले. दिनानाथ बस येण्याच्या बेताने मागे सरकले आणि ठरल्याप्रमाणे पाटात पडले. सुनंदाबाई म्हणाल्या, “अहो, गुडघा सांभाळा.” पुढच्या बसला ते पुन्हा पडले. सुनंदाबाईंनी त्यांचा दंड धरला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. त्यानंतर ते पडले तेव्हा सालोमीवहिनी फाटकातून म्हणाल्या, “पुरे आता, माझ्या अळूची वाट लागली.” तेवढे ऐकून हसू यायला हवे होते. तेही कोणाला आले नाही.

“चला घरी,” सुनंदाबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी वाकून स्वतःच्या पदराने दिनानाथांच्या पँटचा चिखल पुसला, आणि दिनानाथांना रस्त्यातच रडू येते की काय असे झाले.

त्यातला बरा फोटो चौकटीत बसला. बस आहे, अंगठा आहे, दोघे मध्यभागी आहेत, आणि दोघेही पासपोर्टच्या फोटोसाठी एकदम गेल्यासारखे हसत आहेत. आल्यागेल्याने ‘गोवा वाटतं’ म्हटले की दिनानाथ पाटीवर बोट ठेवून ‘भुईगाव’ असे मोठ्याने सांगतात. लोकांना ते विनोद करतात असे वाटते. सुनंदाबाई फोटोवरची धूळ नेमाने पुसतात. दिनानाथ तो नेमाने पाहतात आणि दर वेळी त्यांना दुसराच फोटो आठवतो.

हे सारे वाचताना आपण एखाद-दोनदा दिनानाथांना हसला असाल. हसावेच, ते त्याच लायकीचे आहेत, तेही हे नाकारत नाहीत. फक्त तसे मनापासून हसताना आपण दिसतो कसे, हे आपल्याला ठाऊक नसेल. एवढ्या हजारो फोटोंत तसा एखाददुसरा आला होता. त्यात तोंड जरा जास्त उघडे होते, म्हणून आपणच तो लगेच काढलात.