तुऱ्याचं टोक

आमच्या सोसायटीतले रणपिसे माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, कवटीकडे बघतात. माझ्या होणाऱ्या जावयाला लिफ्टमध्ये दोन मजले न्याहाळून त्यांनी मला कळवलं, "जबडा भक्कम आहे, वहिनी. काहीही वाढा, खाईल." तेव्हापासून जावई जिन्याने येतो.

रणपिसे एका कॉलेजच्या भूशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होते. दातांच्या डॉक्टरांची जुनी हत्यारं घेऊन दगडातली हाडं मोकळी करायची, हे काम. निवृत्तीनंतरही दर मंगळवारी जातात. कुणी बोलावत नाही, कुणी अडवतही नाही.

तिथल्या कपाटात एका मांसाहारी डायनासोरची कवटी आहे. डोक्यावर कोंबड्यासारखा तुरा, पण हाडाचा. यंदा ऋतुजा नावाची तरुण संशोधक तिथे आली आणि तिच्या लक्षात आलं, की या तुऱ्याचं टोक मागे वळलंय. माहीत असलेल्या कुठल्याच जातीत असं नाही. म्हणजे जात नवी! नाव सुचवायचा मान तिने रणपिशांना दिला. त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. मी दोन घेतले.

चार दिवसांनी सकाळीच ते माझ्या दारात उभे. हातात श्रीखंडाचा जुना डबा.

"वहिनी, कॉलेजात सोडता का?"

"आज मंगळवार नाही."

"ते टोक माझं आहे."

"म्हणजे?"

"साफ करताना मोडलं. नोकरी नवी होती, घाबरलो. प्लॅस्टरचं केलं, चहाच्या पाण्याने रंगवलं. जरा जास्तच छान वळलं."

डब्यात कापसावर हाडाचे सात तुकडे होते.

"अहो, इतकी वर्षं गप्प बसलात, आणखी बसा. कोण बघतंय?"

"छापून आल्यावर कुणीतरी बघेलच. मग तोंडघशी ती पडेल. पोरीचं पहिलंच काम आहे."

मी हेल्मेट घेतलं.

ऋतुजाने तुकडे जुळवले. टोक सरळ निघालं. जात जुनीच, नाव केव्हाच ठेवलेलं. तिने रिकाम्या डब्याला झाकण लावलं. मग म्हणाली, "काका, पेढे मीपण खाल्लेत हो."

परतताना सिग्नलला थांबलो तेव्हा मी म्हटलं, "जाऊ द्या. रणपिसे हे आडनाव लॅटिनमध्ये बसलंही नसतं."

"माझं नव्हतंच द्यायचं," ते मागून म्हणाले. "सुमनचं देणार होतो."

सुमनताई म्हणजे त्यांची बायको; जाऊन तीन वर्षं झाली. मूलबाळ नाही.

"आवडलं असतं त्यांना."

"छे हो. म्हणाली असती, एवढे दात बघून तुम्हाला माझीच आठवण आली?"

हे त्यांनी हुबेहूब सुमनताईंच्या आवाजात म्हटलं. सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न देत होते. मी गाडी बाजूला घेतली आणि ते डोळे पुसून नीट बसेपर्यंत थांबले.