तात्यांचं मंगळावरचं भांडण

महाडात आमच्या आळीतल्या तात्यांच्या गिरणीत दळण टाकलं, की पिठाबरोबर एक जुनी विज्ञान कादंबरी घरी न्यावीच लागते. नाही म्हटलं तर तात्या डबा सोडत नाहीत. "घेऊन जा गो, हिच्यात समुद्राखाली शहर हाय," असं माझ्या बायकोला दटावून सांगतात. नव्या कादंबऱ्यांचं नाव काढायचं नाही. "जुन्यांतली यानं रॉकेलवर चालायची, पण कुठंतरी पोचायची!"

गणपतीला गावी येणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याने मुंबईच्या रद्दीवाल्याकडून एक तरी जुनी कादंबरी आणायची, हा त्यांचा दंडक. वसुलीला स्वतः वीर स्टेशनवर हजर. एकाने सुटका म्हणून दहावीचं विज्ञान आणलं. तात्यांनी ते सगळं वाचलं आणि "ह्याच्यात गोष्ट नाय" म्हणून परत केलं.

खरा शोध एकाच कादंबरीचा होता. तिचा नायक मंगळावर जातो. तो परत येतो, हे तात्यांचं म्हणणं. तिथेच राहतो, हे पोलादपूरपलीकडच्या कापडे गावच्या धोंडूकाकांचं. दोघं शाळेपासूनचे दोस्त. पुस्तक पुरात गेलं, शेवट कोणालाच दाखवता येईना, शब्दाला शब्द वाढला आणि बोलणंच तुटलं. "मिळू दे, त्याच्या तोंडावर आपटतो," तात्या म्हणायचे.

यंदा एका चाकरमान्याने ते आणलं. तात्यांनी भर गर्दीत गिरणी बंद केली आणि मला मोटारसायकल काढायला लावली. पोलादपूरला चहाला थांबलो तेव्हा मी शेवटचं पान वाचून दाखवलं. नायक परत येतो! तात्यांचंच खरं होतं.

"मला ठाव व्हतं," ते म्हणाले. पण चहा तसाच राहिला.

धोंडूकाका पडवीत बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आवाजावरून ओळखून ते उठले. "तात्या? आलास व्हय रे?" त्यांनी पुढे केलेला हात तात्यांच्या खांद्याशेजारून भलतीकडेच गेला. तात्यांनी तो धरला.

"पुस्तक गावलं."

"मग वाच शेवट."

तात्यांनी पान उघडलं, घसा खाकरला आणि ठणठणीत आवाजात वाचलं, "आणि तो मंगळावरच राहिला."

मी तोंड उघडणार, तोच तात्यांनी डोळे वटारले.

"सांगत नव्हतो?" धोंडूकाकांनी मांडीवर थाप मारली. "आता जेवल्याबिगर जायचं नाय. आणि पहिल्यापासनं वाच."

तात्यांनी चष्मा पुसला आणि पहिलं पान उघडलं.