दामूकाकांची पाखरांची परीक्षा

आमचे दामूकाका घरी बोलायला लागले की तिसऱ्या घरातली माणसं दार उघडून बघतात. हेच काका जंगलात शिरले की एक प्रश्न आणि पाखरांची नावं सोडली तर तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. तिथे ते हातांनी बोलतात. दोन बोटांची कात्री केली की 'धागा तुटला', म्हणजे पाऊल आहे तिथेच ठेवायचं. मूठ तोंडाकडे नेली की पाणी प्यायचं. दोन्ही तळहात एकमेकांसमोर मागेपुढे सरकवले की 'लूम बरोबर चाललाय', म्हणजे सगळं ठीक आहे.

काकांची सगळी नोकरी भिवंडीतल्या पॉवरलूमच्या कारखान्यांत झाली. शेवटी ते मुकादम होते. एका छपराखाली सगळे लूम एकदम चालू असले की शेजारच्याला कितीही हाका मारा, फुकट. तिथली माणसं हातवाऱ्यांवर आणि ओठांच्या हालचालींवर बोलतात. तीच भाषा काकांनी उचलून जंगलात नेली.

लग्नानंतर माझी बायको स्वाती पहिल्यांदा आमच्याबरोबर आली, तेव्हा काकांनी तिला कात्री दाखवली. तिला वाटलं, चुलतसासरे काहीतरी कापायला मागतायत. ती पिशवीतली सुरी काढत तशीच पुढे गेली. वाटेत हातभर अंतरावर धामण पसरली होती. धामण बिनविषारी असते हे तिला नंतर सांगून काही उपयोग झाला नाही. काकांनी मात्र घरी येऊन सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "पोरगी चांगली हाय, पन थांबायची सवय न्हाय."

गणपती गेले की पुढच्या रविवारी आम्ही सगळ्यांनी काकांबरोबर जंगलात जायचं, हा आमच्या घरचा नियम. अकलोलीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आमचं मूळ गाव आहे, तिथून वाट वर चढते. मी बँकेत कारकून आहे. रविवारी पहाटे पाचला उठून चिखल तुडवणं माझ्या स्वभावात नाही. तरी जातो, कारण काकांना नाही म्हणणं घरात कोणाला जमलेलं नाही.

जंगल सुरू होण्याआधी वाटेवर एक जुना वीरगळ आहे, लढाईत मेलेल्या कुणा वीराचा दगड. त्यावर एकावर एक तीन चित्रं कोरलेली आहेत, पावसाने झिजलेली. खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणि सगळ्यात वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला वीर. इतिहासाचा हा धडा काका दर वर्षी त्याच शब्दांत शिकवतात. "खाली ड्युटी, मधी सुट्टी, वर पेन्शन. आपल्याला मधलं न्हाय गावलं, बाकी सगळं तसंच." मग दगडावरचं शेवाळ ते पंच्याने पुसतात, त्याला नमस्कार करतात आणि गप्प होतात.

त्यानंतर परीक्षा. झाडीत कुठे पाखरू ओरडलं की काका पोरांपैकी एकाला समोर उभं करतात आणि तो एकुलता एक प्रश्न विचारतात, "काय बोल्ला?" पोराने पाखराची हुबेहूब नक्कल करायची. जमली नाही तर, "परत बोल." मग काका नाव सांगतात, "तांबट." "हळद्या." "टकाचोर, लबाड हाय त्यो." बक्षीस गूळ-शेंगदाणे. या परीक्षेत संजू, म्हणजे मी, लहानपणापासून नापास. मला शिट्टीसुद्धा येत नाही, नुसती हवा येते. पोरांना जंगलाची माहिती व्हावी म्हणून काका हे करतात, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मोठी मुलं कॉलेजात गेली, कंटाळली, यायची बंद झाली. यंदा परीक्षेला एकटी माझी मुलगी मनवा होती. वय वर्षं दहा, आणि जीभ आईवर गेलेली.

दहाएक पाखरांची नक्कल करून ती वैतागली. अकराव्या वेळी काकांनी तिला थांबवलं, "काय बोल्ला?" तर तिने मनानेच ठोकून दिलं, "टिर्रर्र, किट-किट, प्यांव."

काकांचा चेहरा असा उजळला की मी घाबरलो. "परत बोल." तिने परत सांगितलं. "ह्यो मी कवाच न्हाय ऐकला," काका पुटपुटले. त्यांनी आम्हा सगळ्यांना खाली बसायची खूण केली आणि स्वतः ओल्या खडकावर गुडघे टेकून झाडी निरखू लागले. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. स्वातीने भाकरी आणि जवळ्याची चटणी काढली, तर काकांनी तिला कात्री दाखवली. या वेळी ती थांबली. मनवा पदर नसलेल्या आपल्या टी-शर्टाचं टोक तोंडात घालून हसत होती.

आणि तेव्हा आमच्या डोक्यावर कस्तूर पक्षी शिट्टी घालू लागला. ओहोळाच्या काठच्या फांदीवर, काकांपासून चार हातांवर. एखादा माणूस आपल्याच तंद्रीत गाणं शोधत बसावा तशी ती लांबलचक शिट्टी. सगळ्या जंगलात दुसरा आवाज नव्हता. मी आणि स्वातीने माना वर केल्या. काकांनी केली नाही. ते मनवाच्या त्या नसलेल्या पाखराला झाडीत शोधत राहिले.

मनवाचं हसू थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मला एकदम लाज वाटली. काकांना कमी ऐकू येतं हे आम्हाला ठाऊक होतं. पण समोर बसून बोललं की ओठांवरून ते सगळं ओळखत. त्यामुळे किती कमी, हे इतक्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

मनवा उठली, काकांच्या समोर जाऊन उभी राहिली. तिने दोन बोटांची कात्री केली आणि मग तीच बोटं स्वतःच्या छातीवर ठेवली. "आजोबा, तो पक्षी नव्हता. मी खोटं बोलले."

काका रागावले नाहीत. तिचे ओठ वाचून ते हळू आवाजात म्हणाले, "चांगला होता गो."

मग ते खडकावर नीट बसले. "मना न्हाय आईकू येत आता, बाय. लूम सुटून सा वर्सं झाली, पन माज्या कानान त्यो अजून चालूच हाय. पाखरू कुटं हालतं तेवढं दिसतं. तुमी पोरं बोलता तवा समजतं, ह्यो कोन त्यो."

माझे वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. मी शिकावं म्हणून काकांनी किती वर्षं डबल शिफ्ट केली आणि स्वतःचं लग्न कसं राहून गेलं, हे मला माहीत होतं. त्याबद्दल मी त्यांचे मनात अनेकदा आभार मानले होते. पण ते कान कुठे गेले याचा विचार कधी केला नव्हता. मी ज्या कानांनी कस्तूर ऐकत होतो ते मला फुकट मिळालेले नव्हते. ही परीक्षा काका आमची घेत नव्हते, आमच्याकडून पाखरांचे आवाज तेवढे मागत होते, आणि मी त्यातही पहाटे उठवल्याची कुरकुर करत होतो.

कस्तूर अजून गातच होता. मनवाने काकांच्या कानाशी तोंड नेलं आणि ती शिट्टी जमेल तशी वाजवली. काकांनी डोळे मिटले. या वेळी त्यांनी नाव सांगितलं नाही.

"परत बोल," ते म्हणाले.

तिने तीनदा वाजवली, मग तिचा दम संपला. स्वातीने मला कोपराने ढोसलं. मी उठलो, काकांशेजारी उकिडवा बसलो, ओठांचा चंबू केला आणि त्यांच्या कानात जेवढी होती तेवढी शिट्टी घातली. म्हणजे हवाच.

काकांनी डोळे उघडले नाहीत. दोन्ही तळहात तेवढे एकमेकांसमोर मागेपुढे सरकवले.

"ह्यो आमचा संजू," ते म्हणाले. "परत बोल."