अजून अर्धा फेरा

आमच्या घरातला एकही नळ आजवर ठिबकलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! एकाने बंद केलेली वस्तू दुसरा पुन्हा आवळून बघतो आणि तिसऱ्याचा त्या दोघांवर विश्वास नसतो, अशी आमची पद्धत. साखरेची बरणी उघडायला शेजाऱ्यांना बोलवावं लागतं, पण आत शिरायची मुंगीची काय बिशाद!

परवा सकाळी पंक्चर काढून आणलेल्या चाकाचे नट आधी मी आवळले, मग बाबांनी आवळले. तेवढ्यात कट् असा आवाज झाला. चाक ज्या चार आटेदार खुंटांवर बसतं, त्यातला एक स्टड नटासकट तुटून बाबांच्या हातात आला. त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "माल हलका होता."

एरवी गाडी गॅरेजला टाकली असती. पण त्याच दिवशी चार वाजता बायकोची लायसन्सची टेस्ट होती, तीही याच गाडीवर. आधी दोनदा ती नापास झाली होती. गेल्या खेपेला बाथरूममध्ये नळ सोडून रडली, तेव्हा मलाच लाज वाटली होती. कारण शिकवलं मीच होतं.

मेकॅनिक म्हणाला, आज वेळ नाही, उद्या बघू. मी म्हटलं, नुसता स्टड द्या, घरीच बसवतो, तासाभराचं तर काम! त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं, स्टड दिला आणि बजावलं, "साहेब, नट हाताच्या जोरानेच आवळायचा. पान्यावर पाय द्यायचा नाही."

तासाभराच्या कामाला अडीच तास लागले. ब्रेकची डिस्क काढली, तुटका स्टड हातोडीने मागे ठोकून पाडला. नवा मागच्या बाजूने घातला आणि पुढून वॉशर लावून नट फिरवत गेलो, तसा तो आत ओढला जाऊन चपखल बसला. खरं सांगतो, बोहल्यावरसुद्धा मी इतका खूश नव्हतो. चाक चढवलं, नट आवळले आणि हात धुवायला गेलो.

हाताचं काळं काही निघेना. तेवढ्यात, हे मला नंतर कळलं, बाबा बाहेर आले. घाईत माझ्याकडून राहिलं असेल असं समजून त्यांनी अर्धा फेरा दिला आणि ते पेपर वाचायला गेले. मग बायको आली. टेस्टमध्येच चाक निखळलं तर, या धास्तीने ती सरळ पान्यावर उभी राहिली. ती तयारीला आत गेल्यावर मी परतलो. गाडीजवळ कोणीच नव्हतं. म्हटलं, एकदा बघून घेऊ.

कट्!

पुन्हा मेकॅनिककडे पळालो. या वेळी त्याने सरळ दोन स्टड हातावर ठेवले.

सव्वातीनला दुसरा स्टड बसला. मी नट आवळताच बायकोने पाना हिसकावून घेतला, कपाटात ठेवला आणि वर कुलूप लावलं. कुलूप नीट लागलंय का, ते बाबांनी ओढून बघितलं.

टेस्टच्या मैदानात परीक्षक तिच्या शेजारी बसले. बाबा आणि मी कुंपणाला धरून उभे. आठचा आकडा झाला, रिव्हर्स झाला, सगळं बिनचूक. शेवटी चढावर मध्येच गाडी थांबवून हँडब्रेक ओढायचा होता. तिने ओढला. गाडी केसभरही मागे आली नाही. परीक्षकांनी बसल्या जागी सही केलेली आम्हाला दिसली. बाबांनी डोळे पुसले.

मग पाच मिनिटं झाली, दहा झाली, गाडी काही हलेना. मागे चार उमेदवार हॉर्न वाजवायला लागले. आम्ही धावत वर गेलो. परीक्षक घामाघूम होऊन दोन्ही हातांनी हँडब्रेकशी झुंजत होते. बायको मात्र हसत होती. "पास झाले हो मी," ती म्हणाली, "फक्त हा जरा जास्त ओढला गेलाय."

बाबांनी जोर लावला, मी लावला, दोघांनी मिळून लावला. अखेर मेकॅनिकला फोन केला. त्याने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"आता काय आवळलंत?"