व्यंकटरावांचा समुद्रातला गोळा

व्यंकटराव अर्जनवीसांना काल पाऊस पडला असं सांगितलं, तरी ते चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "गवाह कोण?" अंबडच्या कचेरीसमोर लिंबाखाली त्यांची सतरंजी असे. निजामाचं राज्य, कचेरीचं कामकाज उर्दूत, आणि त्यांचा उर्दूत हातखंडा. पण साक्षीदाराशिवाय ते एक ओळ लिहीत नसत. एकदा एका कुणब्याचा बैल चोरीला गेला. बैल तुमचाच कशावरून, मुळात होता कशावरून, असं त्यांनी इतकं खोदून विचारलं, की आपल्याला बैल होता की नव्हता याचीच त्या बिचाऱ्याला शंका यायला लागली.

मी त्याच कचेरीत कारकून होतो. आम्ही सगळेच त्यांना वचकून असू. फक्त एका बाबतीत ते आमच्या तावडीत सापडत.

त्यांनी म्हणे समुद्रात एक गोळा पाहिला होता. बायकोला घेऊन ते मालवणच्या बाजूला मेहुणीकडे गेले होते. मचव्यातून जाताना पाण्यात गाडीच्या चाकाएवढा गोळा, आरपार दिसणारा, आणि आत हजारो ठिपके. कसा, ते दाखवायला ते भिजवलेला सब्जा मागवत आणि पेला उन्हात धरत. आमच्या मुलखात समुद्र पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, गोळ्यावर कोण विश्वास ठेवणार? चपराशी हमखास विचारी, गवाह कोण? व्यंकटरावांचा चेहरा पडे. घरची होती संगं, ती गेली, एवढंच ते म्हणत. तरी पुढच्या आठवड्यात गोळा पुन्हा हजर. इतका काटेकोर माणूस यातच आपलं हसं का करून घेतो, मला कळत नसे.

एका बाजारच्या दिवशी रत्नागिरीकडचा एक खलाशी इकडे दिलेल्या बहिणीच्या वाटणीचा अर्ज लिहून घ्यायला आला. समुद्रावरचा माणूस म्हटल्यावर व्यंकटरावांनी आधी सब्जाच मागवला. आम्ही गंमत बघायला जमलो. खलाशाने सगळं ऐकून घेतलं.

"माकुल म्हणून मासा असतो, त्याची अंडी ती," तो म्हणाला. "दिसतात कधीमधी. उचलायला गेलं तर हातातच फाटतात."

चपराशी मागे सरकला. आता व्यंकटराव आमची चांगलीच हजेरी घेणार, असं मला वाटलं. पण त्यांनी कलम खाली ठेवलं आणि खलाशाला हळूच विचारलं, चाकाएवढा असतो? असतो की, तो म्हणाला.

सगळे पांगल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो. म्हटलं, माफ करा, तुम्ही खरंच पाहिला होता.

"म्या कुठं पाह्यला," ते म्हणाले. "मला मळमळून राह्यल्तं, तोंडावर उपरणं घेऊन पडल्तो. पाह्यला तिनं. मला हलवून सांगून राह्यली होती, आन् मी सगळ्यायसमोर तिला खोटी म्हणलो. मरेपर्यंत मंग तिनं ती गोष्ट काढली न्हाई."

त्यांनी पेला बाजूला सरकवला.

"तिनं पाह्यला म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही लोक तिला हसला असता."